‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स’ला नुसतं ‘कारभार’ म्हटलं तर?

प्रश्न

व्यवस्थापनावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे आणि शीर्षकावरच अडले आहे. मूळ शब्द आहेत कोलॅबोरेटिव्ह कॉर्पोरेट गव्हर्नन्स, लीडरशिप आणि डिसरप्टिव्ह चेंज. शब्दकोश उशाशी घेऊन मी केलेलं मराठी असं: ‘विध्वंसक बदलांच्या काळातील सहयोगात्मक निगम अभिशासन व नेतृत्व’. वाचून माझी मलाच कीव आली. काही सुचतंय का?

प्रतिसाद

आधी ‘विध्वंसक’ काढा. त्याने भूकंपच डोळ्यांसमोर येतो. ‘विस्कळीत’ही नको, ते गाड्यांच्या वेळापत्रकाला शोभतं.

डिसरप्शनचं मूळ लॅटिनमधल्या ‘तोडणे’ या धातूत आहे. करप्ट, इंटरप्ट त्याचीच भावंडं, आणि आपला ‘लुप्त’ही दूरचा नातेवाईक. व्यवस्थापनात मात्र या शब्दाला बराच नेमका अर्थ आहे. हार्वर्डचे व्यवस्थापनतज्ज्ञ क्लेटन क्रिस्टेन्सन आणि जोसेफ बोवर यांनी १९९५च्या लेखात तो रुजवला. आधी निकृष्ट वाटणारी, मोठ्या गिऱ्हाइकांना नकोशी असलेली वस्तू बाजाराच्या तळातून किंवा कडेने शिरते, सुधारत जाते आणि एक दिवस जुन्या धंद्याच्या पायाखालची जमीन काढून घेते. फोटोच्या फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीत अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली केलेला डिजिटल कॅमेरा आठवा. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र कृष्णधवल, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. असल्या यंत्राला फिल्म विकणारा कशाला घाबरेल? जानेवारी २०१२मध्ये त्याच कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

यात विध्वंस नाही, उलथापालथ आहे. मी ‘उलथापालथीचा काळ’ म्हणेन.

प्रतिसाद

उलथापालथ छान. पण लेखकाने शब्द त्या काटेकोर अर्थाने वापरलाय की नुसता ‘फार मोठा बदल’ म्हणून, ते आधी बघा. हल्ली नवं ॲप आलं तरी डिसरप्शन म्हणतात. तसं असेल तर ‘स्थित्यंतर’ही चालेल, जरा सभ्य आहे इतकंच.

प्रतिसाद

माझं भांडण ‘अभिशासन’शी आहे. हा शब्द कुणी बोलताना ऐकलाय का? ‘शासन’ म्हटलं की मराठी माणसाला एक तर सरकार आठवतं, नाही तर शिक्षा.

गव्हर्नन्सचं मूळ ग्रीकमध्ये आहे, अर्थ नाव हाकणे, सुकाणू धरणे. तिथून लॅटिन, तिथून इंग्रजी. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी यंत्रांतल्या आणि सजीवांतल्या नियंत्रणाच्या शास्त्राला १९४८मध्ये ‘सायबरनेटिक्स’ नाव दिलं तेही त्याच ग्रीक सुकाणूधाऱ्यावरून. गंमत म्हणजे आपल्याकडे ही प्रतिमा तयारच आहे. ‘कर्णधार’ म्हणजे मुळात सुकाणू धरणारा, कारण संस्कृतात ‘कर्ण’चा एक अर्थ सुकाणू. पण त्याला आपण क्रिकेटच्या मैदानावर पाठवून दिलं. ‘सुकाणू’ मात्र सुकाणू समितीत अजून टिकून आहे. म्हणजे इंग्रजीत जो शब्द गव्हर्नन्सकडे गेला, त्याचा मराठी जोडीदार ‘कर्णधार’ लीडरशिपकडे गेला.

प्रतिसाद

मग सरळ ‘कारभार’ म्हणा. ‘कंपनीचा कारभार’ हे कुणालाही कळतं.

प्रतिसाद

कळतं, पण जास्तच कळतं! कारभारात रोजचं कामकाजही येतं. गव्हर्नन्स म्हणजे कामकाज नव्हे. कंपन्यांच्या गव्हर्नन्सवर ब्रिटनमध्ये नेमलेल्या कॅडबरी समितीच्या १९९२च्या अहवालातली व्याख्या साधारण अशी: कंपन्यांना दिशा देण्याची आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्याची व्यवस्था. धंदा चालवतात ते व्यवस्थापक. त्यांना नेमायचं, त्यांच्याकडून हिशेब घ्यायचा, वेळ आली तर घरी पाठवायचं, हे संचालक मंडळाचं काम. आणि मंडळाला जाब विचारणार भागधारक. कोण कुणाला जाब विचारतो, हा त्या शब्दाचा गाभा. ‘कारभार’ घेतलात तर एकदा तरी ‘कारभार आणि त्यावरचा अंकुश’ असं फोडून लिहा, पुढे नुसतं ‘कारभार’ चालेल.

प्रश्नकर्ती

हे पटलं. आणि कोलॅबोरेटिव्ह? ‘सहकारी’ लिहिलं तर लेख सहकारी संस्थांवर आहे असं वाटेल.

प्रतिसाद

वाटेलच. तो शब्द आपण कधीच एका क्षेत्राला देऊन टाकलाय. ‘हातमिळवणी’ही नको, तिला कटाचा वास आहे. (इंग्रजी शब्दही तितकासा सोवळा नाही. दुसऱ्या महायुद्धात व्यापलेल्या देशांत शत्रूला साथ देणाऱ्यांना कोलॅबोरेटरच म्हणत.)

लेखात नक्की कोण कुणाबरोबर निर्णय घेतंय? संचालक आपसांत, की कामगारही? कामगार असतील तर जर्मन ‘मिटबेस्टिमुंग’ बघा. ‘मिट’ म्हणजे सह, ‘बेस्टिमुंग’ म्हणजे ठरवणं. तिथल्या १९७६च्या कायद्यानुसार २,००० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना असतात. मतं समसमान पडली तर फेरमतदानात अध्यक्षाला दुसरं मत मिळतं. त्यासाठी ‘सहनिर्णय’ हा शब्द चपखल बसेल. ‘सहभाग’ त्याहून पातळ. सभेला बसवून चहा पाजला तरी सहभाग होतो.

प्रश्नकर्ती

लेखात कामगार आहेत, पुरवठादारही आहेत, पण मत कुणालाच नाही, फक्त सल्लामसलत आहे. म्हणजे ‘सहनिर्णय’ लिहिलं तर मी लेखकापेक्षा जास्त देऊन बसेन. सध्या असं ठेवते: ‘उलथापालथीच्या काळात कंपनीचा कारभार: सल्ला सगळ्यांचा, सुकाणू कुणाकडे?’

प्रतिसाद

चांगलं जमलंय. ‘नेतृत्व’ मात्र गळलं.

प्रश्नकर्ती

गळलं नाही, सुकाणूत बसवलंय. कर्णधाराला मैदानावरून परत बोलावलं, म्हणा हवं तर.