पुस्तकपेटीनंतरचं काम

शाळेत पुस्तकपेटी आली की मुलं आपोआप समजून वाचू लागतील, असं अनेकदा म्हटलं जातं, ते मला पटत नाही. पेटी हवीच, पण आकलन शिकवावं लागतं. अमेरिकेत वाचनशिक्षणाच्या अभ्यासक डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ मध्ये वर्गनिरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यांत दिसलं की 'समजून कसं घ्यायचं' हे शिकवण्यात एक टक्काही वेळ जात नव्हता. धड्यावर प्रश्न विचारून उत्तरं तपासणं मात्र भरपूर. आपले स्वाध्याय आठवा!

१९८४ मध्ये पॅलिन्क्सर आणि ब्राउन या संशोधकांनी तपासलेली पद्धत मला जास्त उपयोगाची वाटते. तिच्यात चार गोष्टी येतात: पुढचा अंदाज बांधणं, प्रश्न काढणं, अडलेलं उलगडणं, थोडक्यात सांगणं. आधी शिक्षक मोठ्यानं विचार करून दाखवतात, मग छोट्या गटातली मुलं आळीपाळीनं शिक्षक होतात. स्वयंअध्ययनाची सुरुवात इथेच होते.

पण हे पीपीटी दाखवून शिक्षकांच्या अंगी येणार नाही. प्रशिक्षणात त्यांनाच एखादा किचकट उतारा द्या, समजा विमा पॉलिसीच्या अटी, आणि अडखळू द्या. मग वर्गात करून बघावं आणि केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या बैठकीत) त्यावर बोलावं. (परिपत्रकं वाचून वेळ उरला तर.)