सीमा ओलांडताना फोन-लॅपटॉपमधली दुसऱ्यांची माहिती कशी जपायची?

मृद्गंधा

नमस्कार. मी समुपदेशक आहे. एका प्रशिक्षणासाठी अमेरिकेला जायचं आहे, लंडनला विमान बदलून. विमानतळावर फोन आणि लॅपटॉप उघडून दाखवायला सांगतात, असं बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे.

माझं स्वतःचं कुणी काही पाहिलं तर वाईट वाटेल, पण मी ते सोसेन. मला काळजी आहे ती माझ्याकडे येणाऱ्या लोकांची. माझ्याकडे त्यांचं काय काय आहे याची यादी करायला बसले आणि झोपच उडाली. लॅपटॉपवर सत्रांच्या नोंदी आहेत. फोनमध्ये रात्री-अपरात्री आलेले मेसेज आहेत, रडत रडत पाठवलेल्या व्हॉइस नोट्स आहेत. ओळखायला सोपं जावं म्हणून काही नंबर तर नावापुढे अडचण लिहूनच सेव्ह केलेत. या माणसांनी हे सगळं एका बंद खोलीत, माझ्या भरवशावर सांगितलं आहे.

पासवर्ड मागितला तर द्यावाच लागतो का? सगळं पुसून जावं का? कोरा फोन बघून उलट संशय येतो असंही म्हणतात. कृपया ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी सांगा.

पथिक

कामानिमित्त परदेशी जाणाऱ्यांचे लॅपटॉप-फोन तयार करून देणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शक्यता किती ते सांगतो. अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा खात्याने, म्हणजे सीबीपीने, २०२४च्या आर्थिक वर्षात ४७ हजारांहून थोडी अधिक उपकरणं तपासली. त्या वर्षी देशात आलेले प्रवासी ४२ कोटींच्या घरात होते. तेव्हा तुमच्यावर वेळ येण्याची शक्यता फार कमी आहे. पण आलीच तर त्या काउंटरपुढे उभं राहून काही आवरता येत नाही. जे करायचं ते निघण्याआधी.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाला एकच खरं उत्तर आहे: लोकांच्या नोंदी सोबत नेऊच नका. कुलूप कितीही भक्कम असलं तरी ते उघडायला सांगणारा माणूस समोर असतो आणि तुम्ही थकलेल्या असता.

लॅपटॉप शक्यतो दुसराच न्या, ज्यावर या नोंदी कधी आल्याच नाहीत. तसं जमत नसेल तर नोंदी एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचताच येणार नाही अशा, बाहेरच्या डिस्कवर घ्या, दुसरी प्रत आणखी एका डिस्कवर ठेवा, दोन्ही उघडून बघा आणि मगच लॅपटॉप पूर्ण रीसेट करून नव्याने लावा. नुसत्या फायली डिलीट करून भागत नाही. रिसायकल बिनमध्ये राहतात, डाउनलोड्समध्ये ईमेलवरून उतरवलेली जुनी प्रत असते, वर्डच्या अलीकडच्या फायलींच्या यादीत नावं दिसतात, मेल प्रोग्रामने संपूर्ण टपाल डिस्कवर उतरवून ठेवलेलं असतं. शिवाय तज्ज्ञांच्या साधनांना पुसलेल्या फायलीही कधीकधी परत मिळवता येतात. डिस्क आधीपासून एन्क्रिप्ट असेल तर रीसेट करताना जुनी किल्लीच, म्हणजे डेटा उघडणारा गुप्त संकेत, नष्ट होते, म्हणून तो मार्ग जास्त खात्रीचा.

नव्याने लावताना डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय, म्हणजे विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, चालू आहे ना बघा. बिटलॉकरची रिकव्हरी की, म्हणजे अडल्यावर डिस्क उघडणारा कोड, बहुतेक वेळा आपोआप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसते, तेव्हा त्या खात्यालाही दुहेरी सुरक्षा हवी.

आता फोन. इथे लोक मेसेजेसकडे लक्ष देतात आणि बाकीचं विसरतात. तुम्ही लिहिलेले अडचणींसह सेव्ह केलेले नंबर हाच सर्वांत उघडा भाग आहे. मेसेज एकही नसला तरी ती संपर्कयादी वाचून कोण कशासाठी येतं ते कळतं. कॅलेंडरमधल्या भेटी बघा, कॉल लॉग बघा. कीबोर्डसुद्धा शिकत असतो: दोन अक्षरं टाइप केली की एखादं आडनाव स्वतःहून पुढे करतो.

फोटोंबाबत एक खबरदारी. फोनचे फोटो क्लाउडशी जोडलेले असतील आणि तुम्ही फोनवर डिलीट केलं, तर ते क्लाउडमधूनही जातात. फोनमध्ये मात्र ते 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये राहतात, आयफोनवर ३० दिवसांपर्यंत. म्हणजे हवं तिथून गेलं आणि नको तिथे राहिलं.

म्हणून प्रवासासाठी वेगळा फोन वापरा. जुना चालेल, पण सुरक्षा अपडेट मिळणारा हवा. त्यात घरचे आणि प्रशिक्षणातले संपर्क, तिकिटं, नकाशा, घरच्यांचे थोडे फोटो असू द्या. असा फोन कोरा दिसत नाही आणि दाखवायला संकोचही वाटत नाही. कुणी विचारलंच, तर खरं तेच सांगा: कामाचा फोन घरी आहे, त्यात लोकांची गोपनीय माहिती असते.

व्हॉट्सॲपचा एक खड्डा सांगतो, यात पुष्कळ जण पडतात. नव्या फोनवर तोच नंबर टाकला की ते जुना बॅकअप आणू का असं विचारतं. तुम्ही 'नको' म्हणता, जुने मेसेज येत नाहीत, छान वाटतं. पण नव्या फोनवर ऑटो बॅकअप चालू राहिला, तर तो जवळजवळ रिकामा बॅकअप जुन्याच्या जागी जाऊन बसतो. परत आल्यावर जुनं काही उरत नाही. त्यामुळे नव्या फोनवर नंबर टाकल्याबरोबर आधी बॅकअप बंद करा. आणि त्या काळात कुणी मेसेज केला तर तो प्रवासातल्या फोनवर येणार, हे लक्षात घेऊन तुमच्याकडे येणाऱ्यांना पर्यायी व्यवस्था सांगून ठेवा. खरं तर कामासाठी वेगळा नंबर असेल तर तो फोन बंद करून घरीच ठेवणं सर्वांत सोपं.

विमान उतरण्याआधी दोन्ही उपकरणं पूर्ण बंद करा. लॅपटॉपचं झाकण लावणं म्हणजे बंद करणं नव्हे. स्लीपमध्ये डिस्कची किल्ली मेमरीत तशीच असते. फोन बंद करून परत सुरू केला की पहिल्यांदा कोड टाकेपर्यंत आतला बहुतेक डेटा कुलूपबंदच असतो, तपासणीच्या यंत्रांना त्या अवस्थेत तो काढणं खूप अवघड जातं. तेवढ्या वेळात चेहरा किंवा बोटही चालत नाही, कोडच लागतो. कोड चार आकडी असेल तर आजच बदला.

शेवटचं: खात्यांचे ओटीपी घरच्या सिमवर येत असतील तर परदेशात तुम्हीच बाहेर अडकाल. ओटीपीऐवजी चालणारे खात्यांचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून घरी विश्वासाच्या माणसाकडे द्या.

निखळ

पथिक यांनी तांत्रिक बाजू सांगितली, मी कायद्याची सांगते. वकिली करते, पण हा तुमच्यासाठीचा सल्ला समजू नका, तिथल्या वकिलाशी बोलून घ्या.

अमेरिकेत पोलिसांना फोन तपासायला वॉरंट लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली 'रायली' खटल्यात सांगितलं. पण सीमेवरच्या तपासणीला तिथे जुना अपवाद आहे. सीबीपीच्या जानेवारी २०१८च्या निर्देशानुसार अधिकारी फोन हातात घेऊन साधी चाळणी कुठल्याही संशयाविना करू शकतो. यंत्र जोडून प्रत घ्यायची तर वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण लागतं, वरिष्ठांची मंजुरीही लागते. त्याच निर्देशात असंही आहे की जे उपकरणावर आहे तेवढंच बघायचं, इंटरनेट बंद करून. म्हणून फोन एअरप्लेन मोडवर आहे ना, हे तुम्ही नम्रपणे विचारू शकता.

कोड द्यायला नकार दिला तर? अमेरिकी नागरिकाला त्यासाठी प्रवेश नाकारता येत नाही, उपकरण मात्र ठेवून घेता येतं. तुमच्यासारख्या व्हिसावरच्या पाहुण्याला परतही पाठवू शकतात. नागरिकांनासुद्धा हे सोपं जात नाही. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतले अभियंता सिद्द बिक्कन्नावर जन्माने अमेरिकी. जानेवारी २०१७मध्ये ह्यूस्टनला त्यांना थांबवून संस्थेने दिलेल्या फोनचा पिन घेतला गेला. पुढे त्यांच्यासह काही जण कोर्टात गेले, पण २०२१ साली अपील न्यायालयाने सरकारच्याच बाजूने निकाल दिला.

लंडनला नुसतं विमान बदलायचं आहे म्हणून ते डोळ्याआड करू नका. ब्रिटनच्या २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या परिशिष्ट ७ खाली बंदरावर किंवा विमानतळावर कुणालाही संशयाविना थांबवता येतं, सहा तासांपर्यंत. तिथे पासवर्ड नाकारणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०१३मध्ये पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांचे जोडीदार डेव्हिड मिरांडा लंडनच्या हीथ्रोवर विमानच बदलत होते. त्यांना जवळजवळ नऊ तास बसवून ठेवलं, कारण तेव्हा मर्यादा नऊ तासांची होती, आणि त्यांची उपकरणं काढून घेतली. न्यूझीलंडमध्ये २०१८च्या सीमाशुल्क कायद्याने पासवर्ड न दिल्यास तिथल्या पाच हजार डॉलरपर्यंत दंड आहे. देशागणिक नियम बदलतात. प्रत्येक थांब्याचा वेगळा बघा.

व्हिसाच्या अर्जात समाजमाध्यमांवरच्या खात्यांची नावं मागतात. ती खरी आणि पूर्ण द्या. फोनवरून ॲप काढलं म्हणून खातं नाही असं होत नाही.

चिन्मय_०७

एवढी खटपट कशाला? फायली एन्क्रिप्ट करणारा व्हेराक्रिप्ट हा प्रोग्राम वापरा. त्यात एका कप्प्याच्या आत दुसरा छुपा कप्पा करता येतो. पासवर्ड मागितला तर वरच्या कप्प्याचा द्यायचा, त्यात चार साध्या फायली ठेवायच्या. आतला आहे हे सिद्धच करता येत नाही.

पथिक

चिन्मय, व्हेराक्रिप्ट उत्तम आहे, मी स्वतः वापरतो. पण हा सल्ला सीमेवर कृपया कुणाला देऊ नका. 'यात आणखी काही आहे का?' असं अधिकाऱ्याने सरळ विचारलं तर ताईंनी काय सांगायचं? सरकारी अधिकाऱ्याशी खोटं बोलणं हा अमेरिकेत स्वतंत्र गुन्हा आहे, आणि प्रवेशासाठी खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पुढचे सगळे व्हिसा धोक्यात येतात. आज ज्याला विचारायला काहीच नाही अशा माणसावर उद्या खोटेपणाचा शिक्का बसेल. ज्या नोंदी घरी आहेत त्यांच्याबद्दल खरं उत्तर देता येतं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सायली_व

मला एका विमानतळावर बाजूच्या खोलीत नेलं होतं, म्हणून लिहिते. कुठलं ते लिहीत नाही.

फोन मागितला, कोड मीच टाकून दिला. मला वाटलं फोटो बघतील. बाईंनी फोटो उघडलेच नाहीत. मेसेजमध्ये वरच्या शोधाच्या चौकटीत एक शब्द टाइप केला, 'जॉब'. मग 'इंटरव्ह्यू'. मग 'सॅलरी'. मी पर्यटक व्हिसावर होते, कामाला तर आले नाही ना हे त्यांना बघायचं होतं. त्या शब्दांवर माझ्या मावसबहिणीचे मेसेज वर आले, कारण नोकरी सुटल्यावर ती मला लिहायची. त्याच मेसेजेसमध्ये तिचं बाळ गेलं त्याबद्दलही होतं. बाई ते शांतपणे, बोट सरकवत वाचत होत्या. मी टेबलाच्या या बाजूला बसून बघत होते.

मला सोडलं, काही झालं नाही. पण बहिणीला मी हे अजून सांगू शकलेले नाही. मृद्गंधा, तुम्ही ज्यांचा विचार करताय त्यांच्या वतीने मीच तुम्हाला धन्यवाद देते.

आणखी एक. शोधाची चौकट सगळीकडे आहे. आर्काइव्ह केलेले मेसेजही त्यात सापडतात. मेलमध्ये तर दहा वर्षांपूर्वीचंही. प्रवासाच्या फोनवर रोजचं मेल खातं लावू नका, तिकिटं आणि कागदपत्रांपुरतं वेगळं खातं करा.

मृद्गंधा

सायली, तुमचं वाचून काही वेळ नुसती बसून राहिले. बहिणीसाठी मनापासून वाईट वाटलं.

सगळ्यांचे आभार. ठरवलं आहे: कामाचा फोन आणि लॅपटॉप दोन्ही घरी. जुना फोन रीसेट करायला घेतला आहे. मुलाचा लॅपटॉप नेणार होते, पण त्यात त्याच्या मित्रमैत्रिणींचं सगळं आहे हे लक्षात आलं. तोही नेणार नाही, प्रशिक्षणापुरतं वहीत लिहीन. नंबरांपुढच्या अडचणी काल पुसल्या, त्या तिथे असायलाच नको होत्या. आता फक्त आद्याक्षरं ठेवली आहेत. ज्यांची सत्रं चालू आहेत त्यांना येत्या भेटीत स्वतः सांगणार आहे की मी नसताना कुणाला फोन करायचा आणि मला व्हॉट्सॲपवर काही लिहू नका.

एक राहिलं. फोन नजरेआड नेलाच, तर परत मिळाल्यावर काय करायचं?

पथिक

न्यायला लागले तर लेखी पावती मागा. सीबीपीमध्ये त्यासाठी ६०५१डी क्रमांकाचा फॉर्म असतो. अधिकाऱ्याचं नाव किंवा बिल्ला क्रमांक आणि वेळ वहीत लिहून घ्या. साधारणपणे पाच दिवसांत परत द्यावं असा त्यांचाच निर्देश आहे, पण मुदत वाढवता येते, त्यामुळे तिकिटांची छापील प्रत वेगळी ठेवा.

परत मिळाला की त्या फोनवर काहीही टाइप करू नका, कुठलंही खातं उघडू नका. दुसऱ्या, विश्वासाच्या उपकरणावरून त्या फोनवरच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदला, 'सगळीकडून लॉग आउट' करा, व्हॉट्सॲपमध्ये जोडलेली उपकरणं तपासा. मग फोन रीसेट. ई-सिम असेल तर रीसेट करताना ते पुसू नका, नाहीतर परदेशात नंबरच बंद पडेल.

आणि जुना फोन आत्ताच रीसेट करताय तर त्याआधी त्यातल्या जुन्या गुगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडा. नाहीतर रीसेटनंतर तो जुनाच पासवर्ड मागतो. तो आठवतोय ना, हे आजच बघून घ्या.