मदत हवी आहे: वाळवंटात फिरलेल्यांचा क्लब गोव्यात काढायचाय, पण मेंबर कोणाला करायचं यावरच अडलंय

डिचोलीकरीण

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहिणार आहे, पण गेले दोन महिने आमचं याच्यावरून चाललंय आणि आता बाहेरच्या कोणाचं तरी मत हवंय.

आम्ही पाच जणं आहोत, तिघं डिचोली-साखळीकडची आणि दोघं फोंड्याची. गेल्या चार वर्षांत कच्छचं रण दोनदा, जैसलमेर एकदा आणि लडाखला नुब्रातली हुंदरची वाळू असं फिरून झालं. आमच्या गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जैसलमेरला जेमतेम दोनशेच्या घरात, त्यामुळे असेल किंवा कशाने असेल पण तिथून आल्यावर आमचं मन इथं लागतच नाही. दर रविवारी भेटून तेच बोलत बसतो. म्हणून ठरवलं की एक क्लब काढूया, महिन्यातून एकदा भेटायचं, कोणी जाऊन आलं असेल त्याने सांगायचं, बाकीच्यांनी विचारायचं, आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून जेवण.

ही जेवणाची कल्पना झर्झुरा क्लबची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण भांडण तिथूनच सुरू झालं. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी इजिप्तमधे नेमणुकीवर होता. तो आणि त्याचे साथीदार स्वतःच्या रजेत, स्वतःच्या पैशाने फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात घुसायचे. १९३० साली अशाच एका फेरीच्या शेवटी ते नाईलकाठच्या वादी हल्फा गावात पोचले आणि तिथल्या एका बारमधे बसून त्यांनी हा क्लब काढला. झर्झुरा म्हणजे गोष्टीतलं हरवलेलं हिरवं ठिकाण, वाळवंटाच्या पोटात कुठंतरी आहे असं म्हणायचे आणि ही सगळी मंडळी ते शोधत होती. पुढे लंडनला वर्षाकाठी त्यांचं जेवण व्हायचं. तेव्हाचं ते वादी हल्फा गाव आता नाही, आस्वानच्या मोठ्या धरणाच्या पाण्याखाली गेलं. म्हणजे ज्या जागी क्लब जन्मला ती जागा बुडाली, हे वाचलं तेव्हा मला आमच्या साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या कुर्डी गावाची आठवण झाली.

तर आमच्यातले दोघं म्हणतात की झर्झुरासारखाच दर्जा ठेवायचा, ज्याने स्वतः गाडी चालवत वाळवंटात निदान पाचशे किलोमीटर केले असतील आणि फोटो दाखवता येतील तोच मेंबर. नाहीतर ऊंटावर बसून सूर्यास्त बघून आलेले सगळे येतील आणि क्लबचा पिकनिक ग्रुप होईल. त्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणत नाही.

पण माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते माझ्या बाबांमुळे आहे. बाबा १९८४ पासून २००६ पर्यंत ओमानला होते, बावीस वर्षं, तेलाच्या कॅम्पांना पाण्याचा टँकर चालवायचे, फहूदच्या बाजूला बराच काळ. गाडी मी त्यांच्याकडूनच शिकले. रेतीत ब्रेक मारायचा नाही, गाडी आपोआप थांबू द्यायची, थांबताना तोंड उताराकडे ठेवायचं, रुतली तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसायचं नाही, खाली उतरून टायरची हवा सोडायची, बत्तीस पीएसआयवरून सरळ सोळा-अठरापर्यंत, आणि ज्या चाकोरीने आत आलो त्याच चाकोरीने मागे. रात्रीचा मुक्काम सुक्या ओढ्याच्या पात्रात कधीच नाही, कारण पाऊस पन्नास किलोमीटरवर पडतो आणि पाणी इथं येतं. हे सगळं ते मला डिचोलीच्या खाणीच्या रस्त्यावर सांगायचे. तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्याकडे एकही फोटो नव्हता वाळवंटातला, एकदेखील नाही. पाचशे किलोमीटर ते तीन दिवसांत करत असतील, पण आमच्या नियमात ते बसले नसते.

गेल्या डिसेंबरात रणात आम्ही खावड्याहून धोळावीऱ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला थांबलो, आमचा एक मित्र पांढऱ्या मिठावर चालत गेला आणि पोटरीपर्यंत आत. बूट तिथंच राहिला. घरी आल्यावर बाबांचे ओमानातले एक दोस्त, आमच्याच वाड्यावरचे काका, त्यांना मी मोबाईलवर फोटो दाखवला. काका कधी गुजरातला गेलेले नाहीत. फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "गो, ही सबखा. वर पापुद्रा, खाली चिखल. ह्या कडा काळपट दिसतायत ना, तिथं ओल आहे. आमच्याकडे उम्म अस समीम होती, तिच्यात गाडी गेली तर गाडीला नमस्कार करून चालायला लागायचं." एवढं बोलले आणि चहा संपवून गेले. मी रात्रभर विचार करत होते की या माणसाच्या डोक्यात अजून काय काय असेल आणि आम्ही मात्र परराज्यातल्या लोकांचे व्हिडिओ बघून शिकतोय.

आणि झर्झुराचंच बघा. १९३२ मधे विमानातून इजिप्तमधल्या गिल्फ कबीरच्या पठारात झाडं असलेल्या दऱ्या दिसल्या, बऱ्याच जणांना वाटलं हाच तो झर्झुरा. पण तिथल्या टिबू जमातीचे गुराखी पाऊस झाला की आपली जनावरं घेऊन त्याच दऱ्यांत जायचे, त्यांना जागा आधीपासून माहीत होती. मग शोधणारा कोण आणि माहीतगार कोण? आमच्या क्लबात माहीतगार माणूस दाराबाहेर राहिला तर मला तो क्लब नकोय.

तर माझे प्रश्न असे की मेंबरचा नियम कसा करावा म्हणजे दोन्ही बाजू राहतील, नोंदणी करावी लागते का, आणि गल्फहून परत आलेल्या साठी-सत्तरीतल्या माणसांना बोलावायचं कसं, कारण मी दोघांना विचारलं तर दोघंही म्हणाले "आमी कितें सांगतले बाये, आमी ड्रायव्हर".

मांडवीकाठ

ताई, नोंदणीपुरतं सांगतो. सोसायटीज रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट १८६० चा, त्यात निदान सात माणसं लागतात, तुम्ही पाच आहात. आत्ता गरजही नाही. भेटून बोलायला कुठला कायदा आड येत नाही. वर्गणी जमवून क्लबच्या नावाने बँकेत खातं उघडायचं ठरलं की मग घटना, ठराव, हिशेब सगळं मागे लागतं, तेव्हा करा. एक वर्ष नुसतं भेटा, खर्च आळीपाळीने. जागेसाठी हॉल बघू नका, तुमच्याकडच्या देवळाची अग्रशाळा (भाविकांच्या उतरण्याची जागा) विचारा, वयस्क माणसांना तिथं यायला संकोच वाटत नाही, हॉटेलात वाटतो.

बुलेट आणि बालू

मी तुमच्या त्या दोन मित्रांच्या बाजूचा आहे, कारण माझे हात पोळलेत. एका ऑनलाइन ग्रुपला मेंबरशिपचे पाच हजार भरले होते, जैसलमेरला गेलो तर बारा गाड्यांतल्या आठ जणांना टायरची हवा कमी करायची असते हेच माहीत नव्हतं, दुपारचे तीन तास एकेक गाडी ओढण्यात गेले, एकाने तर पाण्याची बाटलीच आणली नव्हती. आणि तो ग्रुप दोन महिन्यांत गायब.

पण तुमचं वाचून वाटतंय की नियम चुकीच्या ठिकाणी लावताय. क्लबला नियम नको, ट्रिपला लावा. भेटीला कोणीही येऊ दे, आजोबा येऊ दे, नातू येऊ दे. वाळूत गाडी उतरवायची असेल तर मात्र कडक: एकटी गाडी कधीच नाही, निदान तीन, माणशी पाणी मोजून, हवेचा गेज आणि कंप्रेसर प्रत्येक गाडीत, फावडं आणि फळ्या. बॅग्नोल्डची माणसंसुद्धा चाकाखाली घालायला पत्रे घेऊनच फिरायची. परवान्याचंही बघा, तनोटपर्यंत आपल्याला जाता येतं पण पुढे सीमेकडे बीएसएफची परवानगी लागते, आणि सम-खुरीच्या आजूबाजूचा बराच भाग डेझर्ट नॅशनल पार्कात येतो, तिथं मनाला येईल तिकडे गाडी घालायची नाही, माळढोक उरलेत किती.

तारवट्याचो नातू

क्लब ही गोष्ट आपल्या गोंयकारांना नवी थोडीच आहे. मुंबईला धोबीतलावला गावागावाचे कूड होते, अजूनही काही आहेत. बोटीवर जाणारा तारवटी बोट लागेपर्यंत तिथं राहायचा, एक पेटी ठेवायची, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स (रोजरीची प्रार्थना) म्हणायचं. आमचा आजोबा सांगायचा की कुठल्या बंदरात काय, कुठला कप्तान कसा, हे सगळं कुडातच कळायचं. मेंबर कोण? गावचा माणूस, बस. त्यांनी कोणाला फोटो विचारले नाहीत. तुमच्या क्लबाला नमुना लंडनचा कशाला, धोबीतलावचा घ्या.

सरावासाठी मोरजीच्या किनाऱ्यावर गाडी घालूया असं तुमच्यातलं कोणी म्हणालं तर आधीच अडवा हां. किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदेशीर आहे आणि मोरजीला कासवं अंडी घालतात.

शमाल

मी सहसा इथं लिहीत नाही, वाचतो. १९९३ ते २०१५ कुवेतला होतो, क्रेन आणि ट्रेलर. तुमचा तिसरा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं.

आम्हाला "अनुभव सांगा" म्हटलं की काही सुचत नाही. तो अनुभव म्हणून आम्ही जगलोच नाही, ती ड्युटी होती. उन्हाळ्यात शमाल वारा सुटला की समोरचा बॉनेट दिसायचा नाही, तेव्हा गाडी बाजूला घेऊन काचा बंद करून बसायचं, घराची चिठ्ठी वाचायची. हे कोणाला काय सांगणार. बायकोलासुद्धा सांगितलं नाही, उगाच घोर लागेल म्हणून.

म्हणून एक करा. खुर्च्या गोल मांडून माईक देऊ नका. अंगणात गाडी उभी करा, बॉनेट उघडा, टायरची हवा काढायला लावा कोणाला तरी आणि त्याला मुद्दाम थोडं चुकू द्या. बघा मग तुमचे काका गप्प बसतात का. हात कामाला लागला की तोंड उघडतं आमच्या लोकांचं.

डिचोलीकरीण

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. शमालकाका, तुमचं वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसले. बाबांनीही आईला काहीच सांगितलं नव्हतं.

मित्रांशी काल बोलले. ट्रिपला नियम, भेटीला नाही, हे दोघांनाही पटलं. पाचशे किलोमीटरवाला मुद्दा त्यांनी स्वतःच खोडला. अग्रशाळेचं विचारलंय, पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार मिळतोय, संध्याकाळी चार. माझीच गाडी अंगणात लावणार आहे. वाड्यावरच्या काकांना जेवणाचं किंवा क्लबचं काही बोलले नाही, एवढंच म्हटलं की गाडीच्या टायरचं जरा बघायचंय, आणि ते लगेच म्हणाले येतो, त्यांच्याबरोबर ओमानच्या सलालाहला असलेले साखळीचे एक जणही येतात म्हणाले.

आता शेवटची मदत. हे बोलतील तेव्हा कोणीतरी शांतपणे लिहून घ्यायला हवं, मोबाईल समोर धरला की ही माणसं पुन्हा गप्प होतील असं वाटतं. मला गाडीपाशी राहावं लागणार. डिचोली, साखळी, अस्नोड्याकडचं कोणी त्या रविवारी दोन तास येऊ शकेल का, ज्याला कोंकणी बोललेलं भराभर उतरवता येतं आणि मधे सबखा, शमाल, वादी असे शब्द आले तर थांबवून विचारणार नाही असं? येणार असाल तर इथंच लिहा, चहा-भजी आमच्याकडून. शमालकाका, तुम्ही गोव्यात असाल तर तुम्हीही या.