मदत हवी आहे – आईला घेऊन शांत बसता येईल अशी जागा सुचवा (गोव्यातल्या फोंड्याहून)

नमस्कार मंडळी, बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडतच नाही, जेवण कमी, झोप नाही, डॉक्टरांचं औषध चालू आहे पण तेही म्हणाले की तिला जरा मोकळ्या हवेत न्या. आईचं माहेर सत्तरी तालुक्यातलं, कुळागरात (पोफळीच्या बागेत) वाढलेली, त्यामुळे पोफळी नि पाण्याचा पाट दिसला की तिचा चेहरा बदलतो हे मी बघितलंय. बीच नको, गर्दी आणि म्युझिक तिला अजिबात सहन होत नाही.

डोक्यात तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ आहे, १२व्या शतकातलं कदंबकाळातलं, भोवती जंगल आणि शेजारीच नदी, पण तिचे गुडघे दुखतात, तर पार्किंगपासून किती चालावं लागतं आणि नदीकडे उतरायला पायऱ्या नीट आहेत का? दुसरं म्हणजे चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, रायबंदरहून फेरीबोटीने जाता येईल आणि फेरीबोट तिला लहानपणापासून आवडते, पण खारफुटीतल्या वाटेवर मध्येमध्ये बसायला बाकं आहेत का, आणि पक्षी बघायला सकाळी किती वाजता पोचलेलं बरं?

सत्तरी किंवा सांगे बाजूला कोणाचं कुळागर असेल जिथे दोनतीन दिवस राहता येईल, घरचं साधं जेवण मिळेल, तर प्लीज सांगा. स्पाइस प्लांटेशनच्या टुरिस्टवाल्या टूर नकोत, तिला नुसतं बसायचंय. आणि ज्यांनी घरच्या माणसाला अशा दुःखातून बाहेर येताना जवळून पाहिलंय त्यांनी हेही सांगा, बाहेर नेण्याचा आग्रह किती धरावा?