खासदाराची लोकसभेतली मतं, भाषणं आणि प्रश्न यांची नोंद कशी ठेवायची?

कोरापाटी:
आमच्या मतदारसंघाच्या खासदारांची अठराव्या लोकसभेतली, म्हणजे जून २०२४ पासूनची नोंद एका तक्त्यात आणायची आहे. कोणत्या विधेयकावर मत काय दिलं, सभागृहात काय बोलले आणि कोणते प्रश्न विचारले, एवढंच हवंय. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संशोधन संस्थेच्या पानावर हजेरी, चर्चा, प्रश्न आणि खासगी विधेयकं यांचे आकडे मिळाले, पण मतदानाचा रकाना तिथे नाही. संसदेच्या संकेतस्थळावर नाव टाकलं तर 'चर्चा'मध्ये अशा गोष्टी येतात ज्यात त्यांचं एक वाक्यही सापडत नाही. आणि एकाच प्रश्नावर सहा-सात खासदारांची नावं असतील तर तो प्रश्न नक्की कोणाचा धरायचा? जाणकारांनी सांगावं.

चिठ्ठीवाला:
मतदानाचा रकाना नाही, कारण बहुतेक वेळा त्यात भरायलाच काही नसतं. नेहमीची विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष ठराव मताला टाकतात, दोन्हीकडून आवाज येतो, अध्यक्ष निकाल सांगतात. कोण काय म्हणालं ते कागदावर येत नाही.

नावं कागदावर येतात ती मतविभाजन, म्हणजे एकेकाचं मत मोजणं, झालं तरच. अध्यक्षांचा निकाल मान्य नाही असं कोणी म्हटलं की लोकसभेच्या कामकाजाचा नियम ३६७ लागू होतो. त्यातही एक पळवाट आहे. मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना जागेवर उभं राहायला सांगून डोकी मोजू शकतात, आणि तेव्हा नावं नोंदवली जात नाहीत. म्हणजे आकडा मिळतो, माणूस मिळत नाही.

घटनादुरुस्तीला मात्र मोजणी टळत नाही. कलम ३६८ प्रमाणे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत हवं, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश हवेत. ते मोजल्याशिवाय सिद्ध कसं करणार? म्हणून सुरुवात घटनादुरुस्ती विधेयकांपासून करा, मग विरोधकांनी मतविभाजन मागितलेली विधेयकं घ्या.

यादी स्वतंत्र पानावर शोधत बसू नका. ती त्या दिवसाच्या कामकाजाच्या संपूर्ण मजकुरात, मतदान झालं त्याच जागी असते. हिंदी भागात 'मत-विभाजन' आणि 'शुद्धि के अध्यधीन' हे शब्द शोधा, थेट तिथे पोचाल. 'शुद्धि के अध्यधीन' म्हणजे बटणं दाबून झालेल्या मतदानाचा सभागृहातल्या फळ्यावरचा आकडा दुरुस्तीला मोकळा आहे. कोणाचं बटण चाललं नाही, कोणी चुकीचं दाबलं, ते चिठ्ठी देतात. छापील यादीत अशा नावांपुढे खूण असते आणि खाली टीप असते की मत चिठ्ठीने दिलं किंवा चिठ्ठीने दुरुस्त केलं. १७ डिसेंबर २०२४ ला एकत्र निवडणुकांचं घटनादुरुस्ती विधेयक मांडताना फळ्यावरचा पहिला आकडा बराच कमी होता, चिठ्ठ्या धरून तो २६९ विरुद्ध १९८ झाला. त्या संध्याकाळचा स्क्रीनशॉट पाहून कोणाला गैरहजर ठरवलं असेल तर ते पुसा.

याच उदाहरणात दुसरा खड्डा आहे. ४६७ मतांत २६९ म्हणजे दोन-तृतीयांश नव्हे, तरी विधेयक मांडलं गेलं, कारण मांडणीला साधं बहुमत पुरतं. म्हणून तक्त्यात 'टप्पा' हा रकाना हवाच: मांडणी, विचारार्थ घेणं, दुरुस्ती, खंड (विधेयकातली कलमं), संमती. एका विधेयकावर एका रात्रीत अनेकदा मतदान होतं. विरोधकाच्या दुरुस्तीवरचं 'विरोधात' हे विधेयकावरचं 'विरोधात' समजलं की नोंद बरोब्बर उलटी होते. ही चूक मी बातम्यांतही पाहिली आहे.

तारीख बैठकीची लिहा, घड्याळाची नको. वक्फ दुरुस्ती विधेयकावरचं २८८ विरुद्ध २३२ हे मतदान मध्यरात्र उलटल्यावर, ३ एप्रिल २०२५ लागल्यावर झालं, पण बैठक २ एप्रिलची. मजकूर शोधायचा तो २ एप्रिलखाली.

यादीत तीन गट दिसतात: बाजूने, विरोधात, तटस्थ (बटणं हिरवं, तांबडं, पिवळं). चौथा गट दिसत नाही, तो गैरहजरांचा. नाव कुठेच नसेल तर 'तटस्थ' लिहू नका, 'मत नोंदलेलं नाही' लिहा.

आणि एक. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं. व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं, किंवा मतच दिलं नाही, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. तेव्हा खासदाराचं मत हे बहुधा पक्षाचंच मत असतं. त्यावरून माणूस ओळखायला जाल तर हाती फार लागणार नाही.

तारांकित:
प्रश्नांबद्दल. संसदेच्या संकेतस्थळावर लोकसभा, मग प्रश्न, तिथे सदस्याच्या नावाने गाळणी लावता येते. यादीत आडनाव आधी असतं, मग श्री किंवा श्रीमती, मग नाव. नाव टाइप करून काही येत नसेल तर यादीतून निवडा. स्पेलिंग तुमचं आणि त्यांचं जुळेलच असं नाही.

दिवसाला लोकसभेत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकितला तोंडी उत्तर आणि त्यावर पूरक प्रश्न, अतारांकितला फक्त लेखी उत्तर. एका खासदाराचे एका दिवसाच्या यादीत जास्तीत जास्त पाच प्रश्न, त्यातला तारांकित एकच. नोटीस किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि क्रम सोडतीने ठरतो. म्हणून तारांकितांची संख्या कमी म्हणजे खासदार आळशी, असा अर्थ लावू नका. सोडतीत नंबर लागणं हा नशिबाचा भाग आहे.

क्रमांक दर अधिवेशनात १ पासून सुरू होतात. 'अतारांकित ३४५' एवढंच लिहून ठेवलंत तर सहा महिन्यांनी स्वतःलाच सापडणार नाही. अधिवेशन आणि तारीख सोबत हवी. क्रमांकावरून दिवसही कळतो: ३४५ म्हणजे अधिवेशनातला प्रश्नोत्तरांचा दुसरा दिवस, कारण पहिल्या दिवशी २३० संपतात.

सहा-सात नावांचं कारण: एकाच आशयाचे प्रश्न सचिवालय एकत्र करतं. सगळ्यांच्या खात्यात तो एकेक धरला जातो. मी 'एकटा' आणि 'एकत्र' असे दोन रकाने ठेवतो. पण एकत्र प्रश्नाची किंमत शून्य समजू नका, नोटीस त्या प्रत्येकाने दिलेली असते.

उत्तराची पीडीएफ उघडली की वर मंत्रालय, प्रश्न क्रमांक, तारीख, विषय, मग नावं, मग 'क्या मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि' आणि त्याखाली (क), (ख), (ग). खरी परीक्षा या उपप्रश्नांत होते. '(क) अशी काही योजना आहे का, (ख) असल्यास तपशील' हा साचा कोणीही भरू शकतो. मतदारसंघाचं, प्रकल्पाचं, वर्षाचं नाव घेऊन मंजूर रक्कम आणि खर्च झालेली रक्कम वेगवेगळी मागितली असेल तर त्यामागे कोणीतरी बसून अभ्यास केलाय असं समजा. मी पूर्ण यादी वाचताना प्रत्येक प्रश्नाला फक्त 'साचा' किंवा 'नेमका' अशी खूण करतो. शंभर प्रश्न दीड तासात होतात.

पटलावरचा:
भाषणांत त्यांचं वाक्य सापडत नाही याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं, संबद्ध होणं. शून्य प्रहरात (तातडीचे विषय मांडायच्या वेळेत) एकाने विषय मांडला की बाकीचे आपलं नाव जोडून घेतात. मजकुरात ओळ येते: अमुक-तमुक 'को श्री ... द्वारा उठाए गए विषय के साथ संबद्ध करने की अनुमति प्रदान की जाती है'. तुमच्या खासदाराने तोंडही उघडलेलं नसतं, शोधात मात्र ते येतात.

दुसरं, पटलावर ठेवलेलं, म्हणजे न बोलता लेखी सादर केलेलं भाषण. अर्थसंकल्पासारख्या लांब चर्चेत वेळ संपला की लेखी भाषण पटलावर ठेवायची मुभा मिळते. ते कामकाजात इतरांसारखंच छापलं जातं, फरक एका तारकेचा आणि तळटीपेचा. चार पानांचं सलग भाषण, मध्ये एकही व्यत्यय नाही, 'अध्यक्ष महोदय, दोन मिनिटं द्या' नाही, घंटा नाही, असं दिसलं की आधी तळटीप बघा.

तिसरं, नियम ३७७ चे मुद्दे. हे मुळातच लिहून दिलेले असतात, २५० शब्दांची मर्यादा. गोंधळाच्या दिवशी सगळेच 'सभा पटल पर रखे माने गए'. यांचा रकाना वेगळा ठेवा. पण याला कमी लेखू नका. रस्ता, रेल्वेचा थांबा, पीकविमा असे स्थानिक विषय इथेच सापडतात, मोठ्या भाषणांत नाहीत.

मराठीत केलेलं भाषण शोधताना मराठी शब्द टाकून उपयोग नाही. मजकुरात त्याचं भाषांतर छापतात आणि तळाशी मूळ भाषण मराठीत होतं अशी टीप देतात. मूळ शब्द हवे असतील तर संसद टीव्हीचं चित्रीकरण. तिथे पोचायला मजकुरातली वेळ वापरा, ठरावीक अंतराने '१४.०५ बजे' अशा नोंदी असतात.

चित्रीकरण आणि मजकूर यांत फरक आढळला तर लगेच बोभाटा करू नका. नियम ३८० खाली अध्यक्षांनी काढून टाकलेले शब्द मजकुरात तारकांनी झाकले जातात. शिवाय त्याच दिवशी मिळणारी प्रत असंपादित असते, नंतर सुधारलेली येते. उतरवून घेतलेल्या फाइलच्या नावातच उतरवल्याची तारीख टाकून ठेवा.

कोरापाटी:
उत्तम, बरंच सुटलं. दोन शंका उरल्या. खासदार मधेच मंत्री झाले तर सरासरी कशी काढायची? आणि तारांकित प्रश्नावर दुसऱ्याने विचारलेला पूरक प्रश्न कुठे मोजतात?

तारांकित:
मंत्री झाल्या दिवसापासून तक्ता थांबवा. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. हजेरीपटावर सहीही करत नाहीत. पीआरएसही मंत्र्यांचे आकडे देत नाही. तुलना करायची तर इतरांचेही त्याच तारखेपर्यंतचेच आकडे घ्या. पोटनिवडणुकीतून आलेल्यांनाही हेच. हजेरीबाबत एवढंच, की सही म्हणजे त्या दिवशी आले होते, किती वेळ बसले ते नव्हे.

पूरक प्रश्न प्रश्नांच्या यादीत येत नाही, कारण यादी नोटीस देणाऱ्यांची. तो प्रश्नोत्तराच्या तासाच्या मजकुरात सापडतो, सकाळी ११ ते १२ या भागात. माझ्या मते पूरक प्रश्नाला सगळ्यात जास्त वजन द्यावं. मंत्र्याचं उत्तर ऐकून जागच्या जागी तो सुचावा लागतो.

चिठ्ठीवाला:
वजनाशी सहमत नाही. पूरक विचारायला मिळणं अध्यक्षांच्या नजरेवर आणि वेळेवर अवलंबून आहे. वीसपैकी मोजकेच तारांकित प्रश्न तोंडी होतात, बाकीच्यांना लेखी उत्तर. तास गोंधळात गेला तर एकही नाही. मागच्या बाकावरच्या नवख्या खासदाराला यात विनाकारण कमी गुण पडतील.

पटलावरचा:
दोघांचंही सोडा, एक जागा सगळेच विसरतात: स्थायी समित्या. विभागांशी संलग्न २४ समित्या, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. बैठका बंद दाराआड होतात, चित्रीकरण नाही. पण अहवालाची पीडीएफ उघडून सरळ शेवटी जा, परिशिष्टात बैठकांची इतिवृत्तं असतात आणि हजर सदस्यांची नावं असतात. मतभेदाची टिपणी दिली असेल तर तीही तिथेच. व्हिप सभागृहातल्या मतासाठी असतो, त्यामुळे खासदाराचं स्वतःचं मत वाचायला मिळालं तर ते या टिपणीत मिळतं.

आणि प्रश्नांच्या तक्त्याला शेवटचा एक रकाना जोडा. उत्तरात 'जानकारी एकत्रित की जा रही है और सभा पटल पर रख दी जाएगी' असं वाक्य असेल तर ते आश्वासन धरलं जातं आणि आश्वासन समितीकडे त्याची नोंद होते. पूर्ततेची मुदत तीन महिने. उत्तराच्या तारखेत तीन महिने मिळवून ती तारीख त्या रकान्यात टाका. त्या दिवशी परत जाऊन बघा, माहिती पटलावर आली का, आणि नसेल तर खासदारांनी पुढच्या अधिवेशनात त्यावर पुन्हा नोटीस दिली का.