मागच्या चाकाला एकच गिअर बसवला, पण चेन तिरकी धावते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी सायकल अठरा गिअरची, पुढे तीन आणि मागे सहा. मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) वाकून स्पोकमध्ये गेला, तेव्हाच ठरवलं की आता सिंगल स्पीड करायची. तशीही मी कायम एकाच गिअरवर चालवत होतो.

आधी कॅसेटसाठीचा (हबवर सरकवून बसवायच्या चक्रांच्या संचासाठीचा) स्पेसरचा संच आणला, तो वाया गेला. माझ्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, कॅसेट नाहीच, आट्यांवर फिरवून बसवायचं फ्रीव्हील (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारं चक्र) आहे. ते काढलं आणि त्याच आट्यांवर १६ दात्यांचं एकेरी फ्रीव्हील व्यवस्थित बसलं. पुढे मधली ३८ दात्यांची चेनरिंग (पेडलजवळचं चक्र) ठेवली आहे. एक्सलच्या खाचा आडव्या आहेत, त्यामुळे चाक मागे ओढून चेन ताणता येते.

अडचण अशी की मागचं चक्र पुढच्यापेक्षा साधारण ७ मिमी आत बसलंय. चेन करकरते, आणि काल उभं राहून पेडल मारताना उतरली. मागून गाडी येत होती, खरंच घाबरलो. एक्सलवरचे स्पेसर उजवीकडून डावीकडे टाकले तर हब सरकेल हे कळतं, पण मग रिम ब्रेकच्या मधोमध राहणार नाही ना? की पुढचीच चेनरिंग आत घ्यावी?

प्रतिसाद १
पुढचं काही हलवू नका. तीन चेनरिंगच्या क्रँकवर सगळ्यात आतल्या जागेचे बोल्ट जवळजवळ असतात, तिथे तुमची ३८ची बसणार नाही. हबच सरकवा.

तुमची शंका बरोबर आहे, रिमही हबबरोबर ७ मिमी उजवीकडे जाईल. मग उजवे स्पोक सैल करून डावे आवळायचे. एका दमात नको. निपल (स्पोकच्या टोकाचा नट) पाव-पाव फेरा फिरवत पूर्ण चाकाला वळसा घालायचा, मग परत तपासायचं. चाक उलटं करून फ्रेममध्ये लावलं तरी रिम त्याच जागी आली, की ती मधोमध आहे. यात चाकाचा फायदाच आहे. सहा चक्रांना जागा द्यायला उजवे स्पोक जास्त ताणलेले असतात, आता दोन्ही बाजूंचा ताण जवळपास सारखा होईल.

स्पेसर बदलताना एक्सल दोन्हीकडे सारखाच बाहेर राहील असं बघा, आणि कोन (एक्सलवरचे बेअरिंग धरणारे नट) आवळताना एक्सल अडकत नाही ना, खडखडत नाही ना, तेही. उजवीकडे एकच लांब नळी असेल तर तिच्या जागी ७ मिमीने आखूड नळी लागेल.

प्रतिसाद २
चेन जुनीच आहे का? झिजलेली चेन नव्या दात्यांवर उडी मारते, बदलाच. आणि फ्रीव्हीलचे दाते १/८ इंच रुंदीचे असतील तर गिअरची ३/३२ इंची चेन त्यांवर बसतच नाही. १/८ची चेन मात्र तुमच्या चेनरिंगवर चालेल.

या हबवर पुढेमागे फिक्स्ड चक्र (चाकाबरोबर पेडलही फिरत राहतं असं) बसवायचा विचार आला तर कृपया बसवू नका. उलट्या आट्यांची लॉकरिंग (चक्र जागेवर धरून ठेवणारं कडं) नसल्यामुळे पाय मागे रेटला की ते सुटतं.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचे मनापासून आभार. नळीच होती, बदलली. रिम मधोमध आली, चेनही नवी टाकली, करकर पूर्ण थांबली. आता क्रँक फिरवताना एका ठिकाणी चेन खूप ताणते, समोरच्या बाजूला लोंबते. हे कशामुळे?

प्रतिसाद १
चेनरिंग किंचित मध्यावरून सरकलेली आहे. तिचे बोल्ट जरासे सैल करा, चेन जिथे ताणते तिथे लाकडी दांड्याने हलकेच ठोका, पुन्हा आवळा. सर्वात ताणलेल्या जागी चेन मधोमध साधारण १ सेमी वरखाली व्हायला हवी.