पोर्तुगालमधील देशी घोडे आणि अश्वारोहण पाहण्यासाठी सल्ला हवा

रानवाट: नोव्हेंबरमध्ये पोर्तुगालला जाण्याचा विचार आहे. तेथील देशी घोडे आणि अश्वारोहणाची परंपरा पाहायची आहे, मात्र बैलझुंज पाहण्याची इच्छा नाही. कोठून सुरुवात करावी?

कुमैत: आपण अनायास योग्य महिना निवडला आहे. 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणाच्या सुमारास गोलेगा या लहानशा गावी राष्ट्रीय अश्वमेळा भरतो आणि देशभरातील पागांचे लुसितानो या पोर्तुगीज जातीचे घोडे तेथे येतात. मैदानातील स्पर्धांपेक्षा मला रस्त्यांवरची वर्दळ अधिक आवडते, कारण रुंद काठाच्या टोप्या घातलेले स्वार गर्दीतूनही एका हाती लगाम धरून घोडा इतक्या सहजतेने वळवतात की या जातीचा शांत स्वभाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बैलझुंजींचा हंगाम तोवर बहुधा संपलेला असतो. तरीही हे लक्षात असू द्यावे की लुसितानोची चपळाई आणि जागच्या जागी वळण्याची क्षमता घडली ती युद्धात, गुरे राखण्यात आणि त्याच रिंगणात.

पागेची किल्ली: मी लिस्बनपासून सुरुवात करावी असे म्हणेन. पोर्तुगीज अश्वकला विद्यालय 1979 मध्ये स्थापन झाले आणि त्याचे प्रयोग आता लिस्बनच्या बेलें भागात होतात. अठराव्या शतकातील दरबारी पोशाखातले स्वार आणि आल्तेर रेआल पागेचे कुमैत (तांबूस-तपकिरी रंगाचे) घोडे हे दृश्य देखणे असते, परंतु शिकण्यासारखे अधिक आहे ते सकाळच्या सरावात. घोड्याला मागच्या पायांवर भार घ्यायला किती संथपणे शिकवले जाते, ते तेथेच कळते. सवड असल्यास आलेंतेजूमधील आल्तेर दो शांव येथे 1748 मध्ये स्थापन झालेली मूळ पागाही पाहावी. पोर्तुगालच्या अश्वकलेचा 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला आहे.

रानवाट: आभारी आहे. लुसितानोखेरीज अन्य जातींचे काय?

कुमैत: सोराइया ही अत्यंत दुर्मिळ जात आहे. पोर्तुगीज अश्वतज्ज्ञ रुय द'आंद्रादे यांनी 1920 मध्ये कोरुशेजवळ हे घोडे पाहिले आणि पुढे मोजक्या जनावरांपासून त्यांचा कळप जोपासला. अंग राखाडी, पाठीवर काळा पट्टा आणि पायांवर आडवे पट्टे, अशी त्यांची ओळख. केवळ त्यांच्यासाठी प्रवास आखू नये.

पागेची किल्ली: गारानोसाठी मात्र अवश्य आखावा. उत्तरेकडील पेनेदा-जेरेश राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत ही बुटकी, तपकिरी तट्टे अर्धरानटी अवस्थेत चरतात आणि लांडग्यांपासून शिंगरांचा बचाव करतात. मिन्यू भागात त्यांच्या रहवाल चालीच्या (एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र टाकण्याच्या) शर्यतीही होतात. ब्रागा येथे मुक्काम करून भाड्याची मोटार घ्यावी. नोव्हेंबरमध्ये तेथे पाऊस आणि धुके असते, म्हणून एक दिवस राखून ठेवावा आणि घोडे दिसले तरी त्यांच्या जवळ जाऊ नये.